जुडीचा गिलास

जुडी गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. परदेशातल्या नंबरावरून इंग्रजीत चार ओळी आल्या होत्या. मी प्राध्यापक जुडी यांची विद्यार्थिनी, त्या परवा पहाटे गेल्या, फार त्रास झाला नाही, कळवायच्या माणसांच्या यादीत तुमचं नाव त्यांनी सगळ्यात वर लिहून ठेवलं होतं, नंबर तुमच्या शाळेतून मिळवला... मी ते उभ्यानं वाचलं, गॅस बंद केला आणि भात झाला का ते पाहिलं. आधी भात पाहिला! हे लिहायला लाज वाटते. पण पुढे लाज वाटावी असं इतकं आहे की सुरुवात भातापासूनच केलेली बरी.

जुडी म्हणजे अमेरिकेतली कथालेखिका. चार कथासंग्रह, दोन कादंबऱ्या, आणि तीसेक वर्षं तिकडच्या एका विद्यापीठात मुलांना कथा लिहायला शिकवण्याची नोकरी. तिकडच्या पेपरांत तिच्यावर लेख आले असतील. त्यात कुठेतरी एक ओळ असेल, की तरुणपणी या बाई वर्षभर भारतातल्या एका लहान गावात राहिल्या होत्या. ते लहान गाव म्हणजे आमचं जळगाव जामोद, आणि त्या राहिल्या होत्या त्या आमच्या घरी. तेवढ्या एका ओळीबद्दलच मला बोलता येईल.

मी दहावीत होते. तिकडच्या कुठल्याशा योजनेतून आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला एक बाई येणार होती आणि तिला ठेवायचं कुठे या काळजीनं हेडमास्तर हैराण झाले होते. आमचं घर गावाबाहेर मळ्यात. बापू भाजीपाला पिकवायचे, मेथी, वांगी, मिरची, आणि घराला बाहेरून दार असलेली एक खोली रिकामी होती. नांदुऱ्याच्या एस.टी.तून उंच, उन्हानं लाल झालेली तेवीस वर्षांची पोरगी उतरली. बापूंनी विचारलं, "नाव काय व बाई तुहं?" ती म्हणाली, "जुडी." बापू खाटेवर बसून पोट धरधरून हसले. "कायची व? मेथीची का सांबाराची?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिला काही कळलं नाही, पण तीही हसली. आठ दिवसांत कळल्यावर ती स्वतःच सांगत सुटली, "मी मेथीची जुडी!"

पहिले पंधरा दिवस तिच्या पोटानं तिचा जीव काढला. आमच्या भागातलं पाणी खारं. पाहुणा चहाचा घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. आई पाणी उकळून, गाळून द्यायची आणि समजूत घालायची, "जिभेले सवय लागू दे. मंग तुले गोडं पाणी बेचव लागीन." तसंच झालं. जायच्या वेळी ती म्हणायची, अमेरिकेत गेल्यावर पाण्यात मीठ टाकून पिईन.

तिला मराठी आईनं शिकवलं. मी नाही. मी तर तिच्याशी इंग्रजीच झाडायची, माझे मार्क वाढावेत म्हणून. दुपारी शाळेतून आली की जुडी आईसमोर बसायची. मध्ये परात, परातीत दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायची मेथी. पिवळी पानं, गवत काढायचं आणि बोलायचं. आई म्हणायची, "हात रिकामा असला का माणूस मोजून-मापून बोलते. हात कामात असला म्हणजे खरं बोलते." जुडीनं हे तिच्या वहीत लिहून घेतलं होतं. आणखी एक गोष्ट तिनं तिथंच पाहिली. आई काही सांगायला लागली की आजूबाजूच्या मळ्यांतल्या बाया ऐकत, पण त्यांचे हात चालूच असत. मग गोष्टीत अशी एखादी जागा येई की सगळ्यांचे हात थांबत. पुढे आयुष्यभर जुडी आपली प्रत्येक कथा कागदावर उतरवण्याआधी कोणाला तरी भाजी निवडायला बसवून तोंडी सांगून पाहायची. हात थांबले ती जागा ठेवायची, बाकीचं टाकून द्यायची.

तिकडे गेल्यावर तिचं पहिलं पत्र आलं, की मी आता विद्यापीठात कथा लिहायला शिकवते. आई चकित. "गोष्ट सांगाले शिकवा लागते? आन् त्याचा पगार भेटते?" तरी तिला अभिमान होता. जुडी जायच्या आदल्या आठवड्यात आईनं भांड्याच्या दुकानातून स्टीलचा एक गिलास आणला आणि त्यावर नाव घालून घेतलं होतं. 'कु. जुडी किसन उमाळे.' किसन माझे बापू. लेकीच्या नावामागे बाप लागतो तसा लावला, त्यात आईला काही विशेष वाटलं नाही. जुडीनं तो नेला नाही. म्हणाली, "इथंच राहू दे. मी येतो ना पेयाले." आमच्या इकडे बायाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. ती तेच शिकली.

आणि यावरूनच माझी लाज पहिल्यांदा उघडी पडली. मी बी.ए.ला असताना ती पुन्हा आली. तिचं पहिलं पुस्तक निघालं होतं आणि पुण्याच्या एका कॉलेजात भाषण होतं. मला हौसेनं सोबत नेलं. व्यासपीठावर उभी राहून ती म्हणाली, "मले इथं बोलावलं, मले लय आनंद झाला. मी आज माह्या मायबद्दल बोलतो." सभागृह खदखदून हसलं. त्यांना वाटलं, गोरी बाई चुकली. खरं तर ती एका अक्षरानं चुकली नव्हती. उठून सांगायला हवं होतं, की अहो, आमच्या घरात असंच बोलतात. मी मान खाली घालून चपलेचा पट्टा पाहत बसले. बाहेर आल्यावर उलट तिलाच म्हणाले, "जरा शुद्ध शिक ना आता. लोक हसतात." ती म्हणाली, "हसू दे ना व. हसले म्हणून माय बदलतं का कोणी?" त्या दिवसापासून मी माझी बोली मात्र बदलली. आजही या लेखात कशी बोलतेय ते पाहताच आहात.

पुढे मी आमच्या जळगाव जामोदातच शिक्षिका झाले, लग्न झालं, बापू गेल्यावर मळा चुलत्यांकडे देऊन आईला गावातल्या घरी आणलं. आई अंगठाबहाद्दर. मी आठवीत असताना एकदा तिला पाटीवर शिकवायला बसले होते आणि चौथ्या दिवशी पाटी आपटून म्हणाले होते, "तुह्या डोक्यात भुसा भरलाय!" त्यानंतर तिनं पाटीचं नाव काढलं नाही. पण बाईची स्मरणशक्ती अशी, की ऐकून ऐकून अख्खी पोथी पाठ. श्रावणात गल्लीतल्या बाया जमत, आई चष्मा लावून पोथी म्हणे आणि बरोबर जागी पान उलटे. बाहेरच्या कोणाला शंका आली नाही. आम्ही घरातले अर्थात जाणून होतो. शाळेत तर मी सांगूनच ठेवलं होतं, आई चौथी शिकलेली आहे म्हणून. मास्तरणीची आई निरक्षर, कसं दिसतं ते!

अशात जुडीचं नवं पुस्तक माझ्या नावानं शाळेत आलं. अमेरिकन लेखिका माझी मैत्रीण आहे हे दिसावं म्हणून मी ते स्टाफरूमच्या टेबलावर मुद्दाम दोन दिवस पडू दिलं. तिसऱ्या दिवशी इंग्रजीचे सर डबा खाता खाता सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, यातली ही पोथी उलटी धरली तरी सुलटी म्हणणारी बाई तुमच्या आईच ना?" स्टाफरूम हसली. हसण्यात वाईटपणा नव्हता हे आता कळतं. तेव्हा कानशिलं तापली. घरी येऊन मी ती कथा उघडली. भाजीवाली बाई, पाठ केलेली पोथी, पानं उलटणारा हात, आणि पाटी आपटणारी तिची लेक. तिथेच पुस्तक मिटलं. विद्यार्थ्यांना जन्मभर बजावत आले, धडा पुरा वाचल्याशिवाय उत्तरं लिहू नका. स्वतः अर्ध्या कथेवर उठले आणि उत्तर लिहिलं, "आमचं मीठ खाल्लंस आणि आमचीच अब्रू जगापुढे मांडलीस. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

तिनं मला उत्तर दिलं नाही. मात्र आईला तिची पत्रं पूर्वीसारखीच येत राहिली, मराठीत, अगदी मोठमोठ्या, सुट्या अक्षरांत. मला वाटे, परदेशी हात, बारीक अक्षर जमत नसेल. पोस्टमन येई दुपारी, मी शाळेत. संध्याकाळी आई पत्र माझ्या हातात देई. लिफाफा नेहमी फाडलेला. मी म्हणायची, "काय घाई असते गं तुला!" ती म्हणे, "तुले सोपं पडावं म्हणून." मग समोर परात घेऊन बसे आणि मी वाचून दाखवी.

काय वाचून दाखवी, ते आता सांगते.

पत्रात असे, 'माय, तुही गोष्ट लिहिली म्हणून राग आला का? सुमी फार रागावली. मी येऊ का?' सुमी म्हणजे मी. आणि मी वाचायची, 'इकडे कामाचा फार व्याप आहे, यंदाही येणं होणार नाही.' पत्रात असे, 'तुही फार आठवण येते.' ते मी सोडून द्यायची आणि त्याऐवजी तिकडच्या बर्फाचं वर्णन करायची. माझी भाषा चांगली, त्यामुळे वर्णन झकास जमे. आईचे हात मेथीवर थांबत. ती काही क्षण माझ्याकडे पाही आणि दर वेळी एकच म्हणे, "आणखी एकदा वाच बरं."

मी आणखी एकदा तेच खोटं वाचायची. तीन वर्षं.

मग आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतरच्या चैत्रातली गोष्ट. दुपारी एकचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. दार वाजलं. उघडलं तर जुडी! केस पांढरे झालेले, डोक्यावर कापडी टोपी, खांद्याला पिशवी. मागे सामान नाही, गाडी नाही. दोन एस.टी. बदलून आली होती. मी दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिले.

"सुमे, मायले भेटाले आलो."

"ती झोपली आहे. आणि तिला कोणाला भेटायचं नाही."

"मी बसतो इथं. उठली का सांग."

"बसू नकोस. तिला त्रास होतो."

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. आई जागी होती, आतल्या खाटेवर, दारापासून पंधरा पावलांवर. जुडीनं वाद घातला नाही. मान हलवली, वळलीसुद्धा. पण पायरीवरून परत फिरली आणि म्हणाली, "पाणी देतं का, सुमे?"

मला वाटलं, आत शिरायचा हा बहाणा आहे. मी अंगणाकडे बोट केलं आणि म्हणाले, "तिकडे नळ आहे."

आमच्याकडे दारात आलेल्या भांडणाऱ्यालासुद्धा आधी पाणी देतात, मग भांडतात. मांडणीवर तिच्या नावाचा गिलास होता. तो मला उभ्या जागेवरून दिसत होता. ती नळाशी गेली, टोपी काढून भिंतीवर ठेवली, वाकली आणि ओंजळ लावून प्यायली. तीनदा. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग तिनं घराच्या दिशेनं हात जोडले, माझ्याकडे नाही, आतल्या खोलीच्या खिडकीकडे, आणि गेली. मी आत आले तर आईचं तोंड खिडकीकडे होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लकव्याच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतंच, असं मी मनाला सांगितलं आणि पदरानं पुसलं. आषाढात आई गेली. मी जुडीला कार्ड टाकलं, दोन ओळींचं. तिचं उत्तर आलं. त्यात एकच वाक्य होतं, 'सुमी, तुमच्या नळाचं पाणी गोड होतं.'

जळगावचं पाणी आणि गोड! मला तो टोमणा वाटला. चिडून मी ते कार्ड चुलीत घातलं. पुढे कितीतरी वर्षं आमच्यात एक अक्षर गेलं-आलं नाही. तिची पुस्तकं निघत राहिली, मोठं बक्षीस मिळालं, ती निवृत्त झाली, हे सगळं मी मुलाच्या कॉम्प्युटरवर चोरून वाचत होते. एका फोटोत ती वर्गात बसलेली होती, समोर टेबलावर हिरवं काहीतरी. मी फोटो मोठा करून पाहिला नाही.

ते हिरवं काय होतं ते त्या विद्यार्थिनीनं कळवलं. निरोपानंतर तीन आठवड्यांनी तिचं पार्सल आलं. तिनं लिहिलं होतं, की बाई पहिल्या तासाला कधीच पुस्तक उघडायच्या नाहीत. भारतीय दुकानातून मेथी आणायच्या, मुलांना निवडायला बसवायच्या आणि म्हणायच्या, आता आपापल्या आईबद्दल सांगा. मोठमोठी मुलं पाचव्या मिनिटाला रडायला लागत. बाई गेल्यावर जुने विद्यार्थी जमले तेव्हा भाषणं कोणी केली नाहीत. मेथी निवडली.

पार्सलमध्ये ती कथा असलेलं पुस्तक होतं. मी या वेळी शेवटपर्यंत वाचली. उरलेली चारच पानं होती हो, चार! त्यांत ती परदेशी मुलगी अंकलिपी घेऊन परातीपाशी बसते आणि भाजीवाली बाई तिच्यासोबत चोरून अक्षरं शिकते. शेवटी श्रावणात बाई पोथी पहिल्यांदा खरोखर वाचते. खरी वाचते म्हणून तिसऱ्याच ओळीला अडखळते. बाया माना वर करून पाहतात आणि ती एकटीच हसते... मला आठवलं, जुडी अमेरिकेला परतली त्या वर्षीच्या श्रावणात पोथीला जमलेल्या बाया म्हणत होत्या, यंदा पोथी अडखळून राह्यली, जीव बरा नाही का? मी म्हटलं होतं, तिला पडसं झालंय.

पुस्तकाखाली सहा पत्रं होती. आईची. माझ्याच शाळेच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं, त्यांवर पेन्सिलीनं बोटभर अक्षरं. पुण्याच्या त्या खेपेला जुडीनं स्वतःचा पत्ता लिहिलेले दहा-बारा लिफाफे आईजवळ ठेवले होते, आणि पोस्ट आमच्या मंदिराच्या वाटेवरच आहे. एका पत्रात होतं, 'सुमीले नको सांगू मले वाचता येते. ती मास्तरीण हाय. तिले वाटीन माय आपल्याजवळ नाही शिकली, दुसरीजवळ शिकली.' पुढच्या पत्रात, 'सुमी तुहं पत्र उलटं वाचते. मी आधी वाचून घेतो मंग तिच्याजवळ देतो. आणखी एकदा वाच म्हणतो, का आता तरी खरं वाचीन. तिच्यावर राग नको करू. तिले आपली लाज वाटते. लेकरू हाय.'

मी तेव्हा चाळिशीची होते. लेकरू!

शेवटचं पत्र लकव्याच्या महिनाभर आधीचं असावं, अक्षरं तिरपी गेली आहेत. ते जसंच्या तसं देते.

'जुडी, एकदा येऊन जाय. सुमी दारातून वापस करीन, मले तिचा सोभाव मालूम हाय. वापस केलं तर जाजो, भांडू नको. पण पाणी पेल्याशिवाय जाऊ नको. लेक तहानली गेली तर घराले लागते, आन् ते सुमीले लागू नाही. तू पाणी पेली का मी समजीन लेक येऊन गेली. तुहा गिलास मांडणीवर हाय.'

म्हणजे ती परत फिरली होती ती आत शिरायला नव्हे. आईनं सांगितलं म्हणून पाणी प्यायला, आणि मला काही लागू नये म्हणून. मी गिलास दिला नाही तर तिनं ओंजळीनं भागवलं. आणि आईनं ते खिडकीतून पाहिलं... पाणी गोड म्हणाली तीही टोमणा मारायला नव्हे.

आता माफी मागायला दोघींपैकी कोणी उरलेलं नाही, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. स्टाफरूममधले जे अजून आहेत त्यांनीही वाचावं. माझी आई चौथी शिकलेली नव्हती. ती जुडीजवळ शिकली आणि माझ्यापेक्षा चांगलं वाचायची.

आज बाजारातून मेथी आणली. परात घेऊन बसले, तर निवडायची सवय मोडलेली, देठं तुटायला लागली. मग उठले, मांडणीवरून तो गिलास काढला. 'कु. जुडी किसन उमाळे' ही अक्षरं अजून स्पष्ट आहेत, कोणी वापरलाच नाही तर झिजणार कशी? अंगणातल्या नळावर गेले, गिलास भरला आणि तिथेच उभी राहून प्यायले. पाणी खारं होतं.